मोडनिंबहून एक दिवस: बिअर आणि वाइन बनते तिथे

पुणे-सोलापूर महामार्गावर बिअरची बाटली मिळायला अडचण नाही. ती बनताना पाहायला मात्र मिळत नाही. बाटलीतली बिअर मोठ्या कारखान्यात तयार होते आणि तिथे सहसा कुणाला आत सोडत नाहीत. मायक्रोब्रुअरीचं, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअरीचं, तसं नसतं. भांडी काचेपलीकडे, बसायच्या टेबलापासून दहा-बारा पावलांवर असतात. बनवणारा माणूसही बहुधा तिथेच असतो, आणि आधी विचारून गेलं तर हौसेनं फिरवून दाखवतो. ज्वारी, द्राक्ष आणि ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागातल्या माणसानं हे एकदा तरी पाहावं, असं मला मनापासून वाटतं. धान्य आणि फळ आपल्याला कळतं, त्यामुळे तिथे विचारण्यासारखं आपल्याकडे पुष्कळ असतं.

मोडनिंबहून असे दोन बेत आखता येतात. एक पुण्याचा, बिअरसाठी. दुसरा आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला, माळशिरस तालुक्यातला, वाइनसाठी. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

आधी पुण्याचं. मोडनिंब ते पुणे साधारण दोनशे किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन आठ तास गाडीत. त्यात पिण्याचा बेत असताना स्वतः गाडी चालवायचा विचारही करू नका. सगळ्यात सोयीची आहे ती हुतात्मा एक्सप्रेस. सोलापूरहून पहाटे निघते, कुर्डुवाडीला थांबते आणि साडेदहा-अकराच्या सुमारास पुण्यात पोचवते. संध्याकाळी सहाच्या आसपास तीच गाडी पुण्याहून परत निघते. मोडनिंबला स्वतःचं स्टेशन आहे, पण ते कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज मार्गावरचं, आणि त्या मार्गावर गाड्या मोजक्याच. म्हणून कुर्डुवाडीपर्यंत जीप किंवा घरची गाडी करा. परतताना न्यायला येणारा माणूस आधीच ठरवून ठेवा आणि त्या दिवशी तो काहीही पिणार नाही हेही पक्कं करा. रात्री नऊनंतर कुर्डुवाडी स्टेशनबाहेर उभं राहून गाडी शोधत बसायची वेळ येऊ नये. गाडीच्या वेळा बदलत असतात, त्या आदल्या दिवशी पाहून घ्या. परतीचं आरक्षण जातानाच्या तिकिटाबरोबरच करा, कारण संध्याकाळी जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. रेल्वेत पिणं आणि पिऊन गोंधळ घालणं हा गुन्हा आहे. त्यामुळे सोबत बाटली नाही, आणि शेवटचा घोट गाडीच्या वेळेआधी निदान दीड तास.

हातात मिळतात पाच-सहा तास. त्यात दोन ठिकाणं व्हावीत, तिसरं नाही. चार ठिकाणं उरकणारे लोक शेवटच्या दोन ठिकाणी काय पाहिलं ते सांगू शकत नाहीत. कोरेगाव पार्क आणि मुंढवा हे दोन्ही भाग स्टेशनच्या पूर्वेला आहेत, रिक्षानं जाता येतं, आणि पुण्यातल्या नावाजलेल्या ब्रुअरी बऱ्याचशा याच पट्ट्यात आहेत. मुंढव्याची इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी, कोरेगाव पार्कातलं एफिनगट ही त्यातली जुनी नावं. ग्रेट स्टेट एलवर्क्स ही पुण्याचीच छोटी ब्रुअरी, कोकम आणि मीठ घालून केलेल्या एल या बिअरसाठी ओळखली जाणारी. महाराष्ट्रातल्या मायक्रोब्रुअरींचा प्रवास पुण्यातच सुरू झाला असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही. २००९ साली इथे डूलाली सुरू झाली. देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक, आणि तिथे बिअर बनवायला जर्मन ब्रुअर ऑलिव्हर शाउफ आले होते. या धंद्यात जागा बदलतात, शाखा बंद होतात, नवीन निघतात. म्हणून इथे वाचलं म्हणून थेट जाऊन उभं राहू नका, फोन करा.

फोनवर काय विचारायचं? पहिला प्रश्न दराचा नको, ब्रू कधी लावणार आहात हा विचारा. रोज बिअर बनत नाही. टाक्या रिकाम्या होतील तसा ब्रू लागतो आणि तो दिवस सकाळी सुरू होऊन सहा-आठ तास चालतो. त्या दिवशी गेलात तर अकराला पोचूनही अर्धं काम डोळ्यांसमोर होताना दिसतं. इतर दिवशी चकचकीत, थंड, बंद टाक्या दिसतात आणि सगळं ऐकून घ्यावं लागतं. दुसरं, वार मधला निवडा. शनिवार-रविवारी गर्दी इतकी असते की ब्रुअर इच्छा असूनही वेळ देऊ शकत नाही. तिसरं, किती जण येणार ते खरं सांगा. सहा-आठ जण ठीक, त्याहून जास्त असाल तर मागचे दोघं-तिघं नुसते फोन पाहत उभे राहतात. चौथं, माहिती मराठीतून मिळेल का हे मोकळेपणानं विचारा. पुण्यात आहात, संकोच करायचं कारण नाही. आणि फिरवून दाखवण्याचे वेगळे पैसे आहेत का, त्यात चवीचे ग्लास धरलेत का, जेवण तिथेच घ्यावं लागेल का, हे सगळं बोलून घ्या.

आता आत गेल्यावर. बिअरला चार गोष्टी लागतात: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, कमी-जास्त भाजलेलं सातू, म्हणजे बार्ली. घरी लहान मुलासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपण धान्याला मोड आणतो, वाळवतो, दळतो. त्यात जे होतं तेच इथेही होतं. मोड येताना धान्यात अशी एन्झाइम तयार होतात की पुढे गरम पाण्यात भिजवल्यावर पिठाची साखर होते. ब्रुअर भरडलेलं माल्ट ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतो. या दोन-तीन अंशांवर बरंच काही ठरतं: तापमान कमी ठेवलं तर बिअर कोरडी आणि हलकी होते, वर नेलं तर अंगानं भरलेली आणि गोडसर. मग चोथा वेगळा करून तो गोड रस हॉप्स घालून तासभर उकळतात, झटपट थंड करतात आणि यीस्ट सोडतात. एल जातीची बिअर १८ ते २२ अंशांना आठवड्या-दोन आठवड्यांत होते. लागर थंडीत, ८ ते १२ अंशांना मुरते आणि तिला कित्येक आठवडे लागतात. छोट्या ब्रुअरीत एल जास्त दिसतात त्याचं मोठं कारण हेच, टाकी लवकर मोकळी होते.

तिथे तीन गोष्टी मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. एक, माल्टचे दाणे चावून पाहा: फिकट, मग भाजलेला तांबूस, मग जवळजवळ काळा. पहिला बिस्किटासारखा गोड लागतो, शेवटचा कडक कॉफीच्या अंगानं जातो. स्टाउट ही काळी बिअर याच काळ्या दाण्यातून येते, तिच्यात रंग घातलेला नसतो. दोन, हॉप्स. ती एका वेलीची फुलं, बहुतेक वेळा दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात, जर्मनी किंवा अमेरिकेहून आलेली. एक गोळी तळहातावर ठेवा, दोन्ही हातांनी चोळा आणि ओंजळ नाकाशी न्या. लिंबाची साल, गवत, राळ असा एकदम वास येतो आणि हात चिकट होतात. कडूपणा कुठून येतो हे त्यानंतर कुणी समजावून सांगावं लागत नाही. तीन, उकळण्याआधीचा गोड रस चमचाभर. त्यात दारू नसते, न पिणारेही तो चाखू शकतात.

चोथ्याकडे आपल्या लोकांनी खास लक्ष द्यावं. साखर निघून गेलेल्या या चोथ्यात प्रथिनं भरपूर राहतात, वाळल्या वजनाच्या साधारण पाव भाग, आणि जगभर तो जनावरांना घालतात. अडचण एकच: ओला चोथा उन्हाळ्यात दिवसा-दोन दिवसांत आंबतो. त्यामुळे ब्रुअरीपासून गोठा जवळ असेल तरच जमतं. तुम्ही जाल तिथे तो कोण नेतो, कसा नेतो, हे जरूर विचारा. दुधाचा धंदा असणाऱ्याला या एका प्रश्नात ट्रिपचे पैसे वसूल वाटतील.

आणि ज्वारीबद्दल विचारा. मंगळवेढ्याची मालदांडी, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडून काढलेलं एम ३५-१ वाण, हे आपल्या जिल्ह्याचं धन. ज्वारीची बिअर ही नवलाई नाही. आफ्रिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे, आणि नायजेरियात १९८०च्या दशकाच्या अखेरीस बार्ली-माल्टची आयात बंद झाली तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनीही ज्वारीवर बिअर काढली. पण ते सोपं नाही. ज्वारीच्या दाण्यावर बार्लीसारखं टरफल नसतं, त्यामुळे गाळताना लगदा बसतो. तिचं पीठ शिजायला उष्णता जास्त लागते आणि मोड आणूनही साखर करण्याची ताकद कमी पडते. म्हणून बरेच जण थोडं बार्ली-माल्ट ठेवून बाकी ज्वारी घालतात, किंवा बाहेरून एन्झाइम घालतात. मालदांडीची खरी चांगली बिअर कुणीतरी करावी आणि तिच्या पाटीवर मंगळवेढ्याचं नाव असावं, अशी माझी फार इच्छा आहे. ब्रुअरला ही गोष्ट ग्राहकानं सांगितली तर तो जास्त मनावर घेतो.

पिण्याचं गणित नीट समजून घ्या, कारण क्राफ्ट बिअर फळासारखी, हलकी लागते आणि फसगत होते. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. पाच टक्क्यांच्या बिअरच्या अर्ध्या लिटरमध्ये २० ग्रॅम, म्हणजे दोन पेग. शरीर तासाला सात ते दहा ग्रॅमच जिरवतं. कॉफीनं, लिंबानं, तोंडावर पाणी मारून त्यात काही फरक पडत नाही. म्हणून मोठा ग्लास मागवू नका. बहुतेक ठिकाणी चार-सहा छोट्या ग्लासांचा ट्रे मिळतो, तो दोघांत एक घ्या. हलक्याकडून जडाकडे जा: आधी गव्हाची बिअर, जिच्यात यीस्टमुळेच केळं आणि लवंगेचा वास येतो, मग एल, मग कडू आयपीए, शेवटी स्टाउट. आयपीए आधी घेतली तर पुढच्या गव्हाच्या बिअरची चव लागतच नाही. मध्ये पाणी. पहिल्या ठिकाणी पोचण्याआधी पोटभर नाश्ता, आणि दोन ठिकाणांच्या मध्ये नीट जेवण. वडापाववर दिवस काढू नका.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात वाइन आणि सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, कडक मद्यासाठी २५. ओळखपत्र जवळ ठेवा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ अजून लागू आहे आणि त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना हवा. एक दिवसाचा, वर्षाचा आणि कायमचा असे तो मिळतो. आषाढी-कार्तिकी एकादशी, २ ऑक्टोबर, निवडणुकीचे दिवस असे कोरडे दिवस आधी पाहून घ्या. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवली तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मोटारसायकललाही हेच लागू.

सोबत कोण असावं, यावर मी जरा आग्रही आहे. न पिणारे, माळकरी, घरातल्या बायका, कुणीही पाहायला येऊ शकतं, आणि त्यांना ‘एक घोट तर घे’ असं कुणीही म्हणू नये. ज्यानं प्रयत्नानं दारू सोडली आहे त्याला मात्र या बेतात ओढू नका, तो कितीही ‘मी नुसता येतो’ म्हणाला तरी. गरोदर बाई, यकृताचा त्रास असलेले, झोपेच्या गोळ्या किंवा साखरेची औषधं चालू असलेले यांनी चवीचाही घोट डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता अकलूजकडचा दिवस. मोडनिंबहून टेंभुर्णी, तिथून भीमा ओलांडून अकलूज, आणि पुढे माळशिरस तालुक्यातच मोटेवाडी. इथे फ्रातेल्ली वाइन्सची वाइनरी आणि द्राक्षमळे आहेत. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव अशा ठिकाणी त्यांची लागवड आहे. तीन घरांतल्या भावांनी मिळून हे उभं केलं: इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाइन बनवण्याची धुरा इटलीतल्या टस्कनीचे पिएरो मासी यांच्याकडे होती. फ्रान्सहून लाखांवर रोपं आणून या कोरड्या माळावर लावली, आणि सान्जोवेझे हे टस्कनीचं द्राक्ष इथे रुजलं. त्यांची नावाजलेली ‘सेत्ते’ ही वाइन सान्जोवेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांची. आधी नोंदणी करून गेल्यास मळा, वाइनरी आणि चव असा सगळा फेरफटका मार्गदर्शकाबरोबर होतो.

या दिवसाला गाडी हवीच. एसटीनं टेंभुर्णी-अकलूज होतं, पण पुढे मळ्यापर्यंत जायला-यायला हाल होतात. ड्रायव्हरसकट गाडी ठरवा, त्याच्या जेवणाचं पाहा.

जानेवारी ते मार्च हा खरा काळ. युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरात उतरतात, आपल्याकडे ऑक्टोबरच्या आसपासच्या छाटणीमुळे हिवाळ्याच्या शेवटी. तोड चालू असेल तर क्रेट येताना, घडाचे देठ वेगळे होऊन यंत्रातून एका बाजूला पडताना दिसतात. द्राक्ष बागाईतदारांना इथे वेगळंच समाधान मिळेल. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका वाण काढलं ते आपल्याच जिल्ह्यात. लांब मणी, पातळ साल, बी नाही, हे आपल्या डोळ्याला चांगलं द्राक्ष. वाइनचं द्राक्ष पाहिलं तर मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया, आणि झाडावर माल मुद्दाम कमी ठेवलेला. एक मणी मागून घ्या आणि साल वेगळी चावून पाहा. जीभ आवळून येते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीत असतो, रस बहुतेक पांढराच असतो. मार्गदर्शकाकडे रिफ्रॅक्टोमीटर असेल तर मणी पिळून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, पाहा. खायचं द्राक्ष आणि बेदाणा करणाऱ्यांच्या हातात हे यंत्र रोज असतं. लाल वाइनसाठी साधारण २२ ते २४ पर्यंत थांबतात, पण ब्रिक्सबरोबर आंबटपणाही मोजतात. इथल्या उन्हात गोडी लवकर चढते आणि आंबटपणा उतरतो, हा तोल सांभाळणं हेच इथलं अवघड काम.

आत टाक्यांपाशी एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. लाल वाइन आंबताना साली वर येऊन जाड थर धरतात. तो कोरडा पडला तर बिघडतो, म्हणून दिवसातून कित्येकदा खालचा रस पंपानं उपसून त्यावर सोडतात. टाकीच्या तोंडावर वाकून पाहू नका. आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि तो जीव घेऊ शकतो. लहान मुलं सोबत असतील तर हात धरूनच ठेवा.

चव घेताना पांढरी आधी, लाल नंतर. अत्तर लावून जाऊ नका, तंबाखू-सुपारी सकाळपासून बंद. तोंडात घोळवून थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. ते वापरणं अपमानाचं नाही, जाणकार तेच करतात. सोलापुरी शेंगाचटणी डब्यात नेणार असाल तर ती लाल वाइनबरोबर खाऊ नका. तिखट आणि तुरट एकत्र आलं की नुसती आग होते. किंचित गोड शेनीं ब्लां या पांढऱ्या वाइनबरोबर तीच चटणी छान जमते.

आषाढात हा बेत ठेवू नका. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी जाते, तुकोबांची अकलूज, बोरगाववरून. त्या दिवसांत हे रस्ते वारकऱ्यांचे असतात. आणि साखर कारखान्यांचा हंगाम चालू असताना, नोव्हेंबर ते मार्च, अंधार पडायच्या आत टेंभुर्णी गाठा. टेंभुर्णी-अकलूज रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे दिवे नसताना चाललेल्या असतात आणि पुढून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात त्या अगदी जवळ आल्यावरच दिसतात.

बाटल्या विकत घेतल्यात तर पावती जवळ ठेवा आणि बाटल्या डिकीत नको, पायाशी सावलीत ठेवा. मार्चच्या दुपारी बंद डिकीत वाइन उकडून निघते आणि बूच वर येतं. घरी कपाटावर शोभेला मांडू नका. बूच असलेली बाटली आडवी, घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या जागी, आणि सोलापूरचा उन्हाळा लागायच्या आत संपवा. ब्रुअरीची बिअर तर आणूच नका. ती न गाळलेली, न तापवलेली असते. पुण्यापासून कुर्डुवाडीपर्यंतच्या तीन तासांत बर्फ वितळला की ती बिघडायला लागते, तिची चव टाकीजवळच घ्यायची.